दहा शेर भरलं की

यशराज घरी आला तेव्हा एक किलो आठशे ग्रॅमचा होता. दवाखान्याच्या कागदावर तसं छापलेलं होतं. तो कागद मी पर्समध्ये ठेवला होता आणि दिवसातून चारदा काढून बघायचे, न बघता ठेवला तर आकडा कमी होईल अशा भीतीनं. दोन महिने आधी आलेलं पोर, सदतीस दिवस काचेच्या पेटीत. त्या दिवसांत मला त्याचं रूप, रंग, कुणावर गेलाय, काही कळत नव्हतं. ग्रॅम तेवढे कळत होते. आज वीस वाढले. आज पाच घटले. आज तेवढेच.

तसाही आकड्यांवर माझा जीव. बाळंतपणाआधी मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते. नमुना तोलायचा तर काट्याची काचेची दारं लावून, श्वास धरून. म्हणून घरी आल्या आल्या मी पहिली वस्तू मागवली ती लहान मुलांचा डिजिटल काटा. माझा नवरा सम्राट म्हणाला, "अगं तेजू, पाळणा अजून आणला न्हाय आपण." मी म्हटलं, "पाळणा नंतर."

सासूबाईंनी मात्र काटा बघितला, नाक मुरडलं आणि शालूमावशीला बोलावणं धाडलं.

शालूमावशी कळंब्याला राहायची. बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायचं काम ती चाळीस वर्षं करत होती. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं लहानपणी तिच्या पायांवर पालथी पडून तेल लावून घेतलेली. सम्राटसुद्धा. पहिल्या दिवशी तो दारातून "मावशी, जरा हळू हं" म्हणाला, तर ती वळूनही न बघता बोलली, "तू गप. तुला धरून न्हाऊ घातलंय मी, तवा काय केलतंस ते सांगू का बायकोला?" सम्राट गेला निघून.

ती न्हाणीत पाटावर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत सारखं केलं आणि टॉवेलातून यशराजला उचललं. दोन्ही तळहातांवर आडवा घेतला आणि हात किंचित खाली-वर केले. तेवढ्या वेळात ती पोराकडे बघतच नव्हती. खिडकीकडे बघत होती, लांबून कुणी हाक मारली की कान देऊन थांबावं तशी.

"दोन शेर," ती म्हणाली. "वर थोडं."

मी लगेच मोबाईल काढला. शेर म्हणजे ऐंशी तोळे, तोळा अकरा ग्रॅम सहासष्ट, म्हणजे शेर झाला नऊशे तेहतीस ग्रॅमचा. दोन शेर अठराशे सहासष्ट. मी चाटच पडले. दवाखान्यातल्या नर्ससुद्धा नुसत्या हातावर घेऊन इतकं जवळचं सांगू शकल्या नसत्या.

"मावशी, बरोबर हो! फक्त वर नाही, दोन शेराला थोडा कमी आहे."

"कमी न्हाय. वर हाय." तिनं तेलाची वाटी जवळ ओढली.

पाच-सहा तोळ्यांवरून कोण वाद घालतं? मी हसून सोडून दिलं.

मग ती तेल लावायला लागली. एवढ्याशा पाठीवर तिचे मोठे, काळे, भेगाळलेले अंगठे. माझा जीव खालीवर होत होता. ते तिला न बघता कळलं. "भिऊ नगं बाय," ती म्हणाली. "आधी वजन हातात येतंय, मग दाब येतोय. दोन शेराच्या लेकराला दोन शेराचा दाब. तीन शेराला तीनाचा. ज्या बाईला हातात वजन कळत न्हाय तिनं लेकराला हात लावू ने."

अंघोळ झाली, वावडिंग-ओव्याची धुरी झाली, टाळू भरून झाली. यशराज इतका गाढ झोपला की मी दोनदा नाकापुढं बोट धरून बघितलं. तेव्हा मावशीनं उंबऱ्यावर बसून, कुणाला न सांगता, हात जोडले. सासूबाईंनी ऐकलं म्हणून मला कळलं.

"काळभैरी, ह्ये लेकरू दहा शेर भरू दे. दहा शेर भरलं की त्येला गुळात तोलीन. तवर गूळ तोंडात घालणार न्हाय."

काळभैरी तिच्या माहेरचा देव, गडहिंग्लजचा. सासूबाई म्हणाल्या, "शालू, अगं पोर आमचं, नवस आम्ही बोलायचा."

"तुमी तुमचा बोला की वैनी. ह्यो माझा."

"आणि दहाच शेर का?"

"दहा भरलं की लेकराचं मूळ धरतंय. मग ते आपल्या बळावर ऱ्हातंय. माझी आई म्हनायची."

कोल्हापुरातल्या बाईनं गूळ सोडला म्हणजे काय सोडलं हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. मावशीचा चहा गुळाचा असायचा. मी साखरेचा देऊ केला तर म्हणाली, "साखर काय आभाळातनं पडती? ती बी उसाचीच की." तेव्हापासून ती आमच्याकडे कडू चहा प्यायची. बशीत ओतून, एका घोटात, औषधासारखा.

दिवस बरे जात होते. रोज सकाळी नऊला मावशी यायची, हातावर घेऊन शेर सांगायची आणि मग न्हाऊ घालायची. रविवारी मी काट्यावर ठेवायचे आणि वहीत लिहायचे. सुरुवातीला दोघींचं जुळायचं. अडीच शेर, तीन शेर, थोडं इकडं, थोडं तिकडं. मग हळूहळू फट पडायला लागली. जूनमध्ये ती म्हणाली, "पाच शेर." काट्यावर चार किलो दोनशे आले. मी भागाकार केला. साडेचार.

"मावशी, अर्धा शेर जास्त सांगताय तुम्ही."

"पाच हाय."

"हे बघा की, चार किलो दोनशे. साडेचार होतात."

ती काट्याच्या हिरव्या आकड्यांकडे बघत राहिली. सासूबाईंना तेवढंच हवं होतं. "शालू, डोळ्याला लागतो तसा हाताला पण नंबर लागला वाटतं तुझ्या."

"लागला असंल की. करा चष्मा हाताला," मावशी म्हणाली, आणि आम्ही तिघी हसलो.

मला खरंच वाटलं की वय झालं. लहान वजनाला चूक लहान, मोठ्या वजनाला मोठी. लॅबमध्ये काटा जुना झाला की असंच होतं. नोंदी काढून बघितलं की चूक वजनाबरोबर वाढत गेलेली दिसते, आणि अशा वेळी दुरुस्त काट्याला करायचं असतं. लॅबमध्ये आम्ही आणखी एक गोष्ट आधी करतो. ज्या वजनावर काटा जुळवलाय, ते वजन तपासून बघतो. ते मला सुचलं नाही.

उलट मी एक तक्ता केला. कारखान्यातल्या जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला, स्केच पेननं, मोठ्या अक्षरात. डाव्या बाजूला किलो, उजव्या बाजूला शेर. मावशीला आकडे वाचता यायचे. तिला बरं पडावं म्हणून न्हाणीच्या दाराशेजारी तिच्या नजरेच्या उंचीवर लावला. लाल पेननं खाली लिहिलं, "दहा शेर = ९ किलो ३३१ ग्रॅम." त्याच्याभोवती फुलंसुद्धा काढली.

ती फुलं मला नंतर बघवली नाहीत. तक्ता मी काढून टाकलाय, पण टेपचे चार डाग भिंतीवर आहेत.

हळूहळू मावशी आधी तक्त्याकडे बघायला लागली. यशराजला उचलायची, थांबायची, मग मान वळवून विचारायची, "रविवारी किती आलतं गं?" मी सांगायचे. ती तक्त्यावर बोट ठेवायची आणि तो शेर बोलायची. मला वाटलं, शिकली. बरं वाटलं मला.

संक्रांतीच्या आधीचा आठवडा. यशराज अकरा महिन्यांचा होत आला होता. मावशी आता रोज नाही, आठवड्यातून दोनदा यायची. त्या दिवशी शेजारची अनुजा आमच्याकडे आली होती. तिला दिवस होते, सहावा महिना, आणि तिचं बाळंतपणही मावशीच करणार असं ठरलं होतं. आणखी दोघी-तिघी वाणाच्या खरेदीचं बोलत बसल्या होत्या. न्हाणीतून एकदम मावशीची हाक आली.

"वैनी! ए तेजू! या की गं समद्या! भरलं! दहा शेर भरलं!"

ती यशराजला छातीशी धरून बाहेर आली. पोराचं अंग तेलानं चमकत होतं, तिचं लुगडं भिजलेलं होतं, आणि तिचा चेहरा असा मी त्याआधी कधी बघितला नव्हता. त्या दिवशी तिनं तक्त्याकडे बघितलं नव्हतं. विसरली होती. हातांनीच सांगितलं होतं तिला.

"गूळ आणतो मी उद्याच्याला," ती म्हणाली. "तागडी कुठं मिळंल बगा."

मी काटा आणला. मला वाटलं, एवढ्या आनंदाची खात्री करून घ्यावी. यशराजला ठेवला. आठ किलो चारशे. मोबाईल लागलाच नाही, तक्ता मला पाठ होता.

"मावशी, नऊ शेर झालेत. बरोब्बर नऊ."

"दहा हाय गं."

"आठ-चारशे म्हणजे नऊ. हे बघा." मी तिला हाताला धरून तक्त्यापाशी नेलं. सगळ्या बघत होत्या, आणि बघणाऱ्या असल्या की माणसाला बोलायला जोर येतो. मी म्हटलं, "मावशी, एक शेर कुठं सांडला मग?"

सगळ्या हसल्या. अनुजा पोट धरून हसली. मावशीपण हसली. मग तिनं यशराजला परत उचलला, खिडकीकडे बघितलं, हात खाली-वर केले. खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"दहाच लागतंय गं मला," ती बारीक आवाजात म्हणाली. ते कुणाला उद्देशून नव्हतं.

"असू दे की. अजून दोन-चार महिने. कुठं पळून जातोय गूळ?" मी म्हटलं.

संक्रांतीला ती आली. मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि लगेच जीभ चावली. तिनं तो कपाळाला लावला आणि यशराजच्या तोंडात कणभर घातला. बाकीचा पदराला बांधून घेऊन गेली. घरच्यांना दिला असेल.

त्यानंतर ती दोनदाच आली. दुसऱ्या वेळेला तिनं यशराजला पायावर घेतलं, तेल ओतलं, आणि तिचे हात मधेच थांबले. तो वळवळला. तिनं पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. जाताना म्हणाली, "आता मोठा झाला. आता तूच घाल अंगूळ. येतो गं." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वर्षाच्या पोराला कोण न्हाऊ घालायला बाई ठेवतं?

एप्रिलमध्ये अनुजाला मुलगी झाली आणि मावशी आलीच नाही. अनुजा माझ्यावरच फणफणली. "तुझी मावशी नको म्हणाली. किती विनवण्या केल्या! म्हणे हातात अंदाज ऱ्हायला न्हाय. म्हणे शेराचा शेर चुकतोय, कवळ्या लेकराला कुठंतरी जादा दाब बसंल." तिनं व्हिडिओ बघून शिकलेली एक मुलगी लावली होती. ती घड्याळ लावून वीस मिनिटं मालिश करायची.

मी अनुजाला काय म्हटलं ते मला शब्द न् शब्द आठवतंय. मी म्हटलं, "वय झालंय गं त्यांचं. एका अर्थी बरंच केलं. प्रामाणिक आहे बाई."

यशराज जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ-तीनशेच्या पुढे गेला. मी रोज सकाळी काट्यावर उभा करत होते. आता तो उभा राहायचा आणि खाली वाकून आकड्यांवर थपडा मारायचा. ज्या दिवशी नऊ किलो तीनशे चाळीस आले त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, गूळतुला थाटात करायची. मावशीला घेऊन यायचं, तिच्याच हातानं गूळ घालायचा. सासूबाई म्हणाल्या, तुला डिजिटलवर होत नाही, दोन पारड्यांची तागडी पाहिजे, देवाला दिसायला पाहिजे. म्हणून यशराजला काखेत घेऊन मी लक्ष्मीपुरीत चमनचाचांच्या दुकानात गेले.

चमनचाचा काटे दुरुस्त करतात. आता सगळं इलेक्ट्रॉनिक, पण दुकानात वर आढ्याला अजून जुन्या तागड्या टांगलेल्या आहेत. त्यांनी यशराजला बघून विचारलं, "कशाला पायजे? तुला करायची? किती वजनाचं हाय पोरगं? तसा दांडा देतो."

"नऊ किलो तीनशे एकतीसला तुला करायची होती. आज थोडा वर गेलाय. दहा शेराचा नवस आहे."

"एकतीस बी सांगतासा? सोनं हाय काय?"

"सोनंच आहे चाचा."

ते हसले. मग तागडी खाली काढता काढता म्हणाले, "ग्रॅम सांगितलासा. आन् शेर कुणाचा?"

मला प्रश्नच कळला नाही. "शेर म्हणजे शेर. ऐंशी तोळे."

"ते सरकारी, ताई. माझ्या वालिदच्या टायमाला बाजार बदलला की शेर बदलायचा. किराण्याचा येगळा, लोण्याचा येगळा, तंबाखूचा येगळा. गावोगाव लोक आपापलं दगड करून ठेवायची. नंतर समदं येक झालं, ते दगड गेलं लोणच्याच्या बरणीवर." त्यांनी तागडीचा काटा फुंकून साफ केला. "नवस बोलली ती बाई कुठली?"

"गडहिंग्लजच्या खालची. कर्नाटकाच्या हद्दीजवळची."

"मग तिला इचारलं न्हाय, तुजा शेर किती तोळ्याचा म्हणून?"

मी दुकानात उभी होते. यशराज वरच्या तागडीच्या साखळीला हात घालत होता आणि मी त्याला आवरत नव्हते. मला एका क्षणात वहीतले सगळे आकडे दिसले. दोनाला थोडं वर, पाचाला साडेचार, दहाला नऊ. वजनाबरोबर वाढत गेलेली चूक. आणि ती कुणाची, हे सव्वा वर्षात मी एकदाही तपासलं नव्हतं.

तागडी तिथेच ठेवून मी रिक्षानं कळंब्याला गेले.

मावशी अंगणात बसून शेंगा फोडत होती. फोडून द्यायचं काम तिनं धरलं होतं. मला बघून उठली, "आगं बया, आन् ह्यो केवढा झाला!" पण हात पुढं केले नाहीत. पदराला पुसत राहिली. सुनेला चहा टाकायला सांगितला, आणि आतून सून म्हणाली, "आत्ती, तुमचा कडूच न्हवं?"

मी चहा येईपर्यंत थांबले नाही. "मावशी, तुम्ही वजन कशावर शिकलात?"

"कशावर म्हंजे?"

"शेर. हातात शेर कळायला कुणी शिकवलं?"

"आईनं. लोणी इकायची ती, घरोघर. तागडी कोण घिऊन फिरतंय? एका हातात दगुड, एका हातात लोणी. मला धा वर्साची असल्यापास्नं हातावर द्यायची. बरोबर सांगितलं तर बोटभर लोणी चाटायला." ती हसली. "हाय की त्यो दगुड. आईचा. लिंबाच्या बरणीवर."

दगड तिनं पाण्यानं धुऊन आणला. नदीतला, गुळगुळीत, एका बाजूला घासून सपाट केलेला. मी विचारलं, हा किती तोळ्यांचा.

"तोळं मला काय म्हाईत? भात्तर रुपयाचा. चांदीचं जुनं रुपय. आईनं सावकाराकडनं घटकाभर मागून आनलं, पारड्यात भात्तर टाकलं आन् दगुड घासून घासून बरोबर केला. आमच्याकडं लोण्याचा शेर भात्तरचाच."

जुना चांदीचा रुपया एक तोळ्याचा. हे मला माहीत होतं. मी तिथं बसून बहात्तरला अकरा-सहासष्टनं गुणलं, तरी विश्वास बसेना म्हणून समोरच्या गुंडूच्या किराणा दुकानात दगड घेऊन गेले आणि त्याच्या काट्यावर ठेवला. आठशे अडतीस ग्रॅम. साठ वर्षांच्या वापरात दोन ग्रॅम झिजले होते.

दहा दगड म्हणजे आठ किलो चारशे.

परत येऊन मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. मग एकदम सांगून टाकलं. मावशी, तुमचा शेर लहान होता. मी मोठ्या शेरानं मोजत होते. तुम्ही बरोबर होता. पाच म्हणालात तेव्हा पाच होता, दहा म्हणालात तेव्हा दहा होता, एक तोळा इकडं-तिकडं नव्हता. चुकले मी.

ती ऐकत होती. शेंगेची टरफलं एका जागी गोळा करत होती.

"म्हंजे तवाच भरलं हुतं?"

"हो मावशी."

"संक्रांतीच्या आदी?"

"आठवडाभर आधी."

"तिळगूळ दिलतास मला तू," ती म्हणाली. मग टरफलं बाजूला सारत म्हणाली, "लई कडू च्या प्यालो गं मी."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. मी म्हटलं, "रविवारी तुला करू. तागडी ठरवलीय. आणि अनुजाच्या मुलीला अजून तीन महिनेही झालेले नाहीत, तिला न्हाऊ घालायला या. मी सांगते तिला. सगळ्यांना सांगते, चूक माझी होती म्हणून."

"न्हाय बाय."

"का पण? हात तुमचे चांगले आहेत, मावशी! हातांची चूक नव्हतीच!"

"न्हवती, पर मला वाटलं न्हवं का चूक हाय म्हणून." तिनं स्वतःचे तळहात उलटे-सुलटे करून बघितले. "पोर हातात घेतलं आन् डोस्क्यात इचार आला की हात थांबतोय. थांबल्याला हात लेकराला कळतोय. पयला इचारच यायचा न्हाय."

"एकदा बघा तरी. याला घेऊन बघा."

मी यशराजला तिच्यापुढं केला. पाच महिने तिला न बघितलेलं पोर. त्यानं ओठ काढले, माझ्याकडं हात पसरले. तिनं त्याला काखेत धरून उचलला. आडवा घ्यायला तो आता मोठा होता. उभाच धरला, आणि तिची नजर पहिल्यासारखी बाजूला गेली, अंगणाच्या तारेवरच्या कपड्यांकडे. हात किंचित खाली आले, वर गेले. मी श्वास धरला होता. दगडाच्या शेरानं तो आज अकरा शेर आणि वर नऊ तोळे होता. गुंडूच्या दुकानातून परत येतानाच मी गणित करून ठेवलं होतं आणि देवाला म्हणत होते, तिला येऊ दे.

"अकरा," ती म्हणाली. "वर थोडं."

मला ओरडावंसं वाटलं. पण तिची नजर कपड्यांवरून निघाली आणि माझ्या चेहऱ्यावर आली. तिथं ती काहीतरी शोधत होती.

"व्हय का गं?" तिनं विचारलं. "मशीनवर किती आलतं?"

मी म्हटलं, "अकराच, मावशी. वर थोडं."

तिनं मान हलवली, आणि यशराजला जपून, दोन्ही हातांनी, माझ्याकडे परत दिला.